न गेलेल्या पत्रातले तीन प्रश्न

प्रति,
मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, भारतीय अंतराळ संशोधन संस्था, बंगळूरु
आणि
अंतराळवीरांच्या निवडीत सहभागी असलेले भारतीय हवाई दलाचे अधिकारी

स.न.वि.वि.

मी बारामतीच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथल्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणाची लहान विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात. खाली यायचं, चाकं टेकली न टेकली की पुन्हा वर उठायचं, असा सराव चाललेला असतो. वर्गातली मुलं आता त्या आवाजाला सरावली आहेत. एक मुलगी मात्र अजून प्रत्येक वेळी खिडकीकडे बघते. दहावीत आहे. गेल्या सत्रात तिने मला विचारलं, "बाई, गगनयानमधून जायचं असेल तर काय व्हावं लागतं?"

जे माहीत होतं ते मी सांगितलं. गगनयान या आपल्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. आधी हवाई दलात जायचं, लढाऊ विमान उडवायचं, मग चाचणी वैमानिकाचं, म्हणजे नवी विमानं उडवून पारखण्याचं, खास प्रशिक्षण घ्यायचं. ती म्हणाली, "मग मुलींना?" मी म्हटलं, "मुलींना बंदी नाही."

उत्तर खोटं नव्हतं. पण संध्याकाळी वह्या तपासताना ते सारखं मनात येत राहिलं, कारण हेच उत्तर साठ वर्षांपूर्वी वॉशिंग्टनमध्ये दिलं गेलं होतं आणि ते ऐकणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, ते मी वाचलेलं आहे. म्हणून हे पत्र.

१५ मार्च १९६२. जेरी कॉब आणि जेन हार्ट या दोन वैमानिक त्या दिवशी अमेरिकेचे उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना भेटल्या. भेटीसाठी जॉन्सन यांच्या सहायक लिझ कार्पेंटर यांनी एक पत्र टाइप करून तयार ठेवलं होतं, नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्या नावे. फक्त सही व्हायची होती. पत्राची भाषा अगदी सौम्य. त्यात तीन गोष्टी विचारल्या होत्या. केवळ स्त्री आहे म्हणून नासाने कुणाला अपात्र ठरवलं आहे का? वेगवान लष्करी विमानांच्या चाचणीचा अनुभव आणि अभियांत्रिकीची पार्श्वभूमी या दोन मुख्य अटी पूर्ण करणारी एखादी स्त्री आहे का? आणि नसेल, तर या दोन अटींची गरज उरणार नाही इतकं अंतराळ उड्डाण सुरक्षित केव्हा होईल, याचा अंदाज देता येईल का?

जॉन्सन यांनी सही केली नाही. त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत शेरा मारला, "हे आता थांबवू या!" पत्र गेलंच नाही. फायलीत पडून राहिलं आणि पुढची कित्येक वर्षं कुणाच्या नजरेस आलं नाही. समोर बसलेल्या दोघींना तर ते लिहिलं गेलं होतं हेही ठाऊक नव्हतं.

सरकारी कागदावरचा शेरा काय करू शकतो हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

त्या दोघी कोण होत्या? जेरी कॉब ओक्लाहोमाच्या. बाराव्या वर्षी वडिलांच्या विमानात उडायला शिकल्या. विशीत असताना अमेरिकेतून लष्करी विमानं दक्षिण अमेरिकेत पेरूपर्यंत पोचवायचं काम त्यांनी केलं. वेग, अंतर आणि उंची या तिन्हींतले जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते. अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या खात्यात १०,००० तासांचं उड्डाण होतं. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या जॉन ग्लेन यांचे तास साधारण त्याच्या निम्मे होते. जेन हार्ट चाळिशीच्या, आठ मुलांच्या आई, मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट यांच्या पत्नी.

नासाच्या पहिल्या सात अंतराळवीरांची वैद्यकीय तपासणी न्यू मेक्सिकोमध्ये अल्बुकर्कीच्या लव्हलेस क्लिनिकमध्ये झाली होती. तिथल्या डॉ. रँडॉल्फ लव्हलेस यांना वाटलं, याच चाचण्या स्त्रियांवर करून का पाहू नयेत? अंगाने हलक्या, प्राणवायू कमी लागतो, लहानशा यानात मावतील. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांनी कॉब यांना बोलावलं. त्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. मग आणखी वैमानिक स्त्रिया एकेक-दोघी करून येऊ लागल्या आणि कॉब धरून तेरा जणी पार पडल्या. बऱ्याचशा प्रवास-चाचण्यांचा खर्च प्रसिद्ध वैमानिक जॅकलीन कॉक्रन आणि त्यांचे पती यांनी उचलला. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अलीकडे ती झाकली जाते: हा नासाचा कार्यक्रम नव्हता. या तेरा जणींना ‘मर्क्युरी १३’ हे नावसुद्धा पुष्कळ वर्षांनी कुणीतरी दिलेलं. त्या वेळी तेरा जणी एका छताखाली कधी जमल्याही नव्हत्या.

चाचण्या मात्र खऱ्याच होत्या. रबराची नळी गिळायची. कानात बर्फासारखं गार पाणी सोडायचं, म्हणजे तोल सांभाळणारं आतलं इंद्रिय बिथरतं, खोली गरगर फिरायला लागते, आणि ती थांबायला किती वेळ लागतो ते डॉक्टर घड्याळावर मोजत बसतात. जागच्या जागी सायकल मारायची, दम संपेपर्यंत.

मला सगळ्यांत जास्त नवल वाटतं ते पाण्याच्या टाकीबद्दल. हा दुसरा टप्पा, ओक्लाहोमा सिटीत. अंधाऱ्या, आवाजबंद खोलीतली टाकी, पाणी अंगाच्या तापमानाचं. त्यात तरंगत राहायचं. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही, थोड्या वेळाने आपलं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेही कळेनासं होतं. माणूस जास्तीत जास्त सहा तास टिकेल असा जाणकारांचा अंदाज होता. कॉब ९ तास ४० मिनिटं राहिल्या. तेरा जणींत सर्वांत लहान असलेल्या वॉली फंक १० तास ३५ मिनिटं. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा एकदम शांतता होते. मग कुणीतरी हळूच विचारतं, "बाई, झोप नाही लागली त्यांना?"

तिसरा टप्पा फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला, नौदलाच्या वैद्यकीय संस्थेत. कॉब यांनी तो आधीच पूर्ण केला होता. बाकीच्यांना सप्टेंबर १९६१ मध्ये जायचं होतं. ओक्लाहोमा विद्यापीठात विमान उडवायला शिकवणाऱ्या जीन नोरा स्टमबो यांना रजा मिळेना, त्यांनी नोकरी सोडली. टेलिफोन कंपनीत अभियंता असलेल्या सारा गोरेलिक यांनीही सोडली. जायला काही दिवस उरले असताना प्रत्येकीच्या घरी तार आली: कार्यक्रम रद्द. नौदलाला नासाची अधिकृत मागणी हवी होती आणि नासाने तशी मागणी केली नाही. कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. फक्त ‘हो’ म्हणायला कुणी पुढे आलं नाही.

मग ते न गेलेलं पत्र, आणि मग १७ आणि १८ जुलै १९६२ची सुनावणी. काँग्रेसच्या उपसमितीपुढे पहिल्या दिवशी कॉब आणि हार्ट बोलल्या. कॉब यांचं म्हणणं एवढंच होतं की स्त्री विरुद्ध पुरुष असा झगडा आम्हाला नको आहे, देशाच्या अंतराळातल्या भविष्यात भेदभाव न होता जागा हवी आहे. त्याच दिवशी जॅकलीन कॉक्रनही बोलल्या. ज्यांच्या पैशाने चाचण्या झाल्या त्याच कॉक्रन म्हणाल्या की घाई नको, बायका लग्न करून मधेच सोडून जातात, त्यांच्यावरचा खर्च वाया जाईल. १९५३ साली ध्वनीचा वेग ओलांडणारी जगातली पहिली स्त्री ही. हे वाचताना मला वाईट वाटतं. आधी चढून गेलेल्या बाईनेच मागून येणारीला ‘थांब जरा’ म्हणावं, हे आपल्याकडच्या कित्येक घरांत आणि कार्यालयांत मी पाहिलं आहे, आणि दर वेळी त्या बाईलाही हे कुणीतरी शिकवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नासाच्या बाजूने अंतराळवीर जॉन ग्लेन आणि स्कॉट कार्पेंटर, आणि नासाचे अधिकारी जॉर्ज लो आले. त्यांचं म्हणणं असं की नियमात स्त्री-पुरुष असं काही नाही. अंतराळवीर व्हायला जेट विमानांचा चाचणी वैमानिक असावं लागतं, लष्कराच्या चाचणी वैमानिक शाळेतून उत्तीर्ण असावं लागतं, बस. आणि अमेरिकी लष्करात तेव्हा एकही स्त्री विमान उडवत नव्हती, कारण तिला उडवू दिलं जात नव्हतं. नौदल आणि भूदलाने स्त्रियांना वैमानिक प्रशिक्षण खुलं केलं ते १९७० च्या दशकात, हवाई दलाने त्याच्याही मागून. दुसऱ्या महायुद्धात हजाराहून अधिक स्त्रियांनी लष्कराची विमानं उडवली होती, त्यात ३८ जणींचा जीव गेला, पण डिसेंबर १९४४ मध्ये त्यांची संघटना बरखास्त झाली आणि त्यांना सैनिक मानायला १९७७ उजाडावं लागलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ग्लेन यांनी ते जवळजवळ कबूलच केलं. पुरुष लढाईला जातात, विमानं उडवतात, परत येऊन ती बनवायला आणि तपासायला मदत करतात. स्त्रिया या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजरचनेतली वस्तुस्थिती आहे, असं ते म्हणाले.

याच सुनावणीतून आणखी एक गोष्ट निघाली आणि ती तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. अंतराळवीर व्हायला पदवीही लागत होती. पण निवडीच्या वेळी ग्लेन यांच्याकडे पूर्ण पदवी नव्हती, कार्पेंटर यांच्याकडेही नव्हती. नियमात ‘पदवी किंवा समतुल्य’ असं होतं आणि त्यांचा अनुभव समतुल्य धरला गेला. योग्यच केलं. दोघेही उत्तम अंतराळवीर ठरले. पण हा ‘समतुल्य’ शब्द जेट विमानांच्या अटीपुढे लावायला कुणी तयार झालं नाही. दहा हजार तास कशाच्याही समतुल्य ठरले नाहीत. सरकारी नोकरीचा अर्ज भरलेल्या कुणालाही ठाऊक असतं की जाहिरातीत हा एक शब्द असणं आणि नसणं यात केवढा फरक पडतो.

तीन दिवसांची सुनावणी दोन दिवसांत गुंडाळली गेली.

पुढच्याच वर्षी, १६ जून १९६३ रोजी, सोव्हिएत रशियाच्या व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा ‘वोस्तोक ६’मधून गेल्या. ४८ प्रदक्षिणा, जवळजवळ ७१ तास. तोवर अंतराळात गेलेल्या सगळ्या अमेरिकी अंतराळवीरांच्या वेळेची बेरीज केली तरी ती याहून कमी भरत होती. तेरेश्कोव्हा सूतगिरणीत काम करायच्या आणि हौस म्हणून पॅराशूटने उड्या मारायच्या. चाचणी वैमानिक सोडा, वैमानिकही नव्हत्या. वोस्तोकमधून उतरताना यानातून बाहेर पडून पॅराशूटने जमिनीवर यावं लागे, म्हणून निवडताना पॅराशूटचा अनुभव पाहिला गेला. त्यामागे प्रचाराचा हिशेब होताच, आणि त्यानंतर रशियानेही १९ वर्षं दुसरी स्त्री पाठवली नाही, तेव्हा रशियाला मी डोक्यावर घेत नाही. पण निदान यानाला काय लागतं हे पाहून अट घातली होती.

आणि नासाने चाचणी वैमानिकाची अट काढली केव्हा? १९६३ सालीच, तिसऱ्या तुकडीच्या वेळी. सुनावणीला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. १९६५ साली तर वैमानिक नसलेले शास्त्रज्ञ निवडले गेले. त्या टाइप केलेल्या पत्रातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं लवकरच मिळालं होतं. पण स्त्रिया पहिल्यांदा निवडल्या गेल्या १९७८ साली. अट गेली, सवय पंधरा वर्षं टिकली.

आता आपल्याकडे येते.

आपले चौघे निवडले गेले तेव्हा स्त्री का नव्हती, याचं गणित मला समजतं आणि मला कुणावर आरोप करायचा नाही. हवाई दलात पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ वैमानिक झाल्या १८ जून २०१६ रोजी. गगनयानची निवड २०१९ साली झाली. तीन वर्षांत लढाऊ वैमानिकाचा अनुभवी चाचणी वैमानिक होत नाही, पुरुषाचाही नाही. पहिल्या उड्डाणाला चाचणी वैमानिकच हवेत, हेही मला पटतं. ग्लेन यांच्या यानाची स्वयंचलित यंत्रणा बिघडली तेव्हा त्यांनी ते हाताने सांभाळलं होतं, आणि मे १९६३ मध्ये गॉर्डन कूपर यांनी तर जवळपास सगळं बंद पडलेलं यान स्वतःच्या हातांनी वातावरणात आणून उतरवलं. नव्या यानात अशी माणसं बसवायला हवीत.

इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ २०२३ साली म्हणाले होते की सध्या आपल्याकडे महिला लढाऊ चाचणी वैमानिक नाहीत, त्या तयार झाल्या की तो एक मार्ग. आणि पुढे वैज्ञानिक काम वाढेल तेव्हा स्त्री शास्त्रज्ञ जातील, हा दुसरा. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. माझं म्हणणं इतकंच आहे की ‘तयार झाल्या की’ या तीन शब्दांत वर्षं निघून जातात. तयार कोण करणार? लढाऊ वैमानिक आणि चाचणी वैमानिक यांच्यामध्ये जी पायरी आहे, तिथे किती जागा आहेत, अर्ज करायला किती तास लागतात, लग्न आणि बाळंतपण याच वयात येतं तेव्हा उड्डाणाचे तास मागे पडलेल्या अधिकाऱ्याची संधी जाते की पुढच्या वर्षासाठी राहते, हे सगळं तुमच्याच हातात आहे. हवाई दलाला २०२१ साली पहिली महिला उड्डाण चाचणी अभियंता मिळाली, म्हणजे हवाई दलाच्या बंगळूरुच्या चाचणी वैमानिक शाळेचं दार स्त्रीने ओलांडलेलं आहे. नागरी विमान वाहतुकीत तर आपल्या देशात सुमारे १५ टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. १९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला विमान नेलं, तेव्हा त्यात सगळ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या. आड भरलेला आहे.

दुसऱ्या मार्गाबद्दलही लिहिते. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तो दिवस आमच्या शाळेत आम्ही सणासारखा साजरा केला. त्या मोहिमेच्या कमांडर होत्या पेगी व्हिटसन, जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या. त्या चाचणी वैमानिक नाहीत. अंतराळात सर्वाधिक दिवस काढलेल्या अमेरिकी त्या आहेत, आणि आपल्या वैमानिकाला त्यांच्या हाताखाली सुखरूप जाऊन येता आलं. सुनीता विल्यम्स पहिल्या मार्गाने गेल्या, नौदलाच्या चाचणी वैमानिक शाळेतून. म्हणजे दोन्ही वाटांवर पावलं उमटलेली आहेत.

आणि व्योममित्रा. गगनयानच्या निर्मनुष्य उड्डाणात जाणार असलेला यंत्रमानव, बाईचा चेहरा आणि बाईचा आवाज असलेला. मुलींना तिचं फार कौतुक आहे. भिंतीवर तिचं चित्र आहे, मीच लावलंय. पण दहावीतली ती मुलगी त्या चित्राकडे बघून म्हणाली, "हिला तरी पाठवतायत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच तेवढंच समाधान वाटलं होतं. मला त्या ‘तरी’ने फार त्रास झाला.

जेरी कॉब पुढे तीस वर्षांहून अधिक काळ अॅमेझॉनच्या जंगलात औषधं आणि अन्न घेऊन विमान उडवत राहिल्या. १९९८ साली ७७ वर्षांचे ग्लेन पुन्हा अंतराळात गेले तेव्हा त्यांनाही पाठवावं अशी मागणी झाली, मान्य झाली नाही. मार्च २०१९ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्या न जाताच गेल्या. वॉली फंक तेवढ्या जुलै २०२१ मध्ये एका खासगी कंपनीच्या यानातून ८२ व्या वर्षी गेल्या. दहा मिनिटांचं उड्डाण. तेरा जणींपैकी एकीला, साठ वर्षांनी, दहा मिनिटं.

म्हणून ते न गेलेलं पत्र मी तुम्हाला पाठवते आहे, आपल्या देशाला लागू पडेल असं करून. पुढच्या तुकडीची जाहिरात निघण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं जाहीर करावीत, ही विनंती.

एक. गगनयानच्या पुढच्या निवडीत कुठल्याही टप्प्यावर, लेखी अथवा अलिखित, केवळ स्त्री म्हणून कुणी बाहेर राहील अशी अट आहे का?

दोन. आज हवाई दलात, नौदलात आणि आपल्या संशोधन संस्थांत या अटी पूर्ण करणाऱ्या किंवा त्यांच्या जवळ पोचलेल्या स्त्रिया किती आहेत, आणि त्यांतल्या किती जणींना चाचणी वैमानिकाच्या अभ्यासक्रमासाठी बोलावलं गेलं?

तीन. किती यशस्वी मानवी उड्डाणांनंतर चाचणी वैमानिकाची अट शिथिल होईल, आणि तोवर तिच्यापुढे ‘किंवा समतुल्य’ हे शब्द लिहिले जातील का?

उत्तर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत कसंही चालेल. शाळेच्या सूचना फलकावर मी ते लावीन. ती मुलगी मार्चमध्ये दहावीची परीक्षा देते आहे, जूनमध्ये तिला पुढची शाखा निवडायची आहे. त्याआधी आलं तर बरं होईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, बारामती